निधी कापला की आधी काय जातं?

प्रश्न असा आहे : "मुलगी इंदूरमधूनच भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली, पहिल्याच खेपेला जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली. तिला पीएचडी करायची आहे. पण रोज काही ना काही कानावर येतं. अमेरिकेत संशोधनाचा पैसा कापला, आपल्याकडे मुलांना आठ-आठ महिने फेलोशिप मिळत नाही. तिचे मामा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. सरकारने पैसा कमी केला म्हणजे प्रयोगशाळेत नक्की काय होतं? आणि मुलीला या वाटेला जाऊ द्यावं का?"

ताई, मी इंदूरच्याच एका भौतिकशास्त्र विभागात 29 वर्षं काढली. अतिशीत तापमानाला ऑक्साइडांचं चुंबकत्व कसं बदलतं, हे माझं काम. प्रकल्पांचे अर्ज लिहिले, काही मंजूर झाले, काही परत आले, मंजूर झालेल्यांतले दोन मध्येच सुकले. जे सांगते आहे ते विभागाचं स्टॉक रजिस्टर आणि मुलांची हजेरी सांभाळताना पाहिलेलं आहे.

पैसा दहा टक्के कापला तर काम दहा टक्के कमी होईल, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं होत नाही. घरातली मिळकत दहा टक्क्यांनी घटली तर तुम्ही घराचा हप्ता कमी भरता का? शाळेची फी कमी देता का? ते खर्च बांधलेले असतात. कात्री लागते ती दुधाला, फळांना, आजीच्या डोळे तपासणीला. प्रयोगशाळेचं तसंच. कायम नोकरीतल्यांचे पगार, वीजबिल, इमारत, सुरक्षा यांना कोणी हात लावू शकत नाही. मग जी काही कपात असेल ती सगळीच्या सगळी उरलेल्या पातळ थरावर पडते : रसायनं, सुटे भाग, दुरुस्ती, प्रवास आणि प्रकल्पावरची तात्पुरती मुलं. एकूण रकमेत दहा टक्के दिसणारी कपात त्या थराचा अर्धा भाग खाऊन जाते. आणि संशोधन होतं ते त्याच थरात.

एक प्रसंग सांगते. आमच्याकडे नमुने गार करायला बंद चक्राचा क्रायोस्टॅट होता. त्याच्या कॉम्प्रेसरमध्ये हीलियम वायू फिरतो आणि त्या वायूबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश येतो. तो अंश अडवायला अ‍ॅडसॉर्बर नावाचं नळकांडं असतं. ठरावीक तास चालल्यावर ते बदलायचंच, त्याला पर्याय नाही. एका वर्षी दुरुस्तीच्या खर्चासाठी पैसेच आले नाहीत, त्यामुळे वार्षिक देखभालीचा करार संपला आणि नळकांडं तसंच राहिलं. मशीन चालत होतं, तापमान खाली जात होतं, म्हणून कागदोपत्री सगळं ठीक होतं. पुढच्या उन्हाळ्यात कोल्ड हेडमधून, म्हणजे प्रत्यक्ष गारवा देणाऱ्या भागातून, ठक-ठक असा आवाज यायला लागला. तेल पुढे सरकून आत गोठलं होतं. दहा केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 263 अंशांपर्यंत, उतरणारं यंत्र चाळीसच्या खाली जाईना. नळकांड्याच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा कोल्ड हेडच्या दुरुस्तीला लागला आणि तो मंजूर होईपर्यंत दोन मुलांचं एकेक वर्ष गेलं. त्या वर्षीच्या हिशेबात मात्र आम्ही बचत केली होती.

हे लहान खोलीत घडतं तसं जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रांतही घडतं. पोर्तो रिकोमधली अरेसिबोची रेडिओ दुर्बीण 1963 पासून चालू होती, तिची तबकडी 305 मीटर व्यासाची. अमेरिकन सरकारकडून तिला मिळणारा पैसा कित्येक वर्षं आटत होता. ऑगस्ट 2020 मध्ये एक केबल निसटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि 1 डिसेंबर 2020 च्या सकाळी वरचा 900 टनांचा सांगाडा तबकडीवर कोसळला. ती फक्त पैशाअभावी पडली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. केबलच्या टोकाच्या खोबणीतलं जस्त हळूहळू सरकत होतं, 2017 च्या चक्रीवादळानेही तिला हादरा दिला होता. पण चालू ठेवायची की बंद करायची, या चर्चेत अडकलेल्या यंत्राच्या केबलकडे कोण किती बारकाईने बघणार?

आता तुमच्या मुलीशी थेट संबंध असलेली गोष्ट. उशिरा आलेला पैसा हीसुद्धा कपातच असते. कागदावर ती दिसत नाही एवढंच.

माझ्याकडे एक मुलगी होती. रामबागेत खोली करून राहायची. एका केंद्रीय योजनेतून तिला फेलोशिप मंजूर होती. ती स्फटिक वाढवायची. प्लॅटिनमच्या क्रूसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, ऑक्साइडांची पूड आणि शिशाचं ऑक्साइड एकत्र वितळवायचं आणि भट्टी तासाला दोन अंश या वेगाने गार करत न्यायची. म्हणजे एका खेपेला आठवडा-दोन आठवडे. आमची भट्टी जुनी. पडद्यावर 1,150 दिसायचं तेव्हा मागच्या कोपऱ्यात आठ-दहा अंश कमी असायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तिने थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, फिरवून फिरवून शोधलं होतं. ती क्रूसिबल मधोमध ठेवायची नाही, दोन बोटं डावीकडे ठेवायची. रात्री वीज गेली तर भट्टी किती वेळात किती पडते, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. शेवटी कोमट, सौम्य नायट्रिक आम्लात शिसं विरघळवून टाकलं की तळाशी तांदळाच्या कणीएवढे काळेभोर स्फटिक दिसायचे, कडा अशा लखलखीत की कोणी घासून ठेवल्यात असं वाटावं.

तिची फेलोशिप नऊ महिने आली नाही. पहिले तीन महिने वडिलांनी पैसे पाठवले. मग तिने भंवरकुव्याच्या एका कोचिंगमध्ये संध्याकाळचे वर्ग घेतले. भट्टी रात्री बघायला कोणी उरलं नाही. मी माझ्या परीने मदत केली, पण गाइडने दिलेल्या पैशावर कोणती स्वाभिमानी मुलगी किती दिवस राहील? उज्जैनजवळच्या एका शाळेत जागा निघाली, ती गेली. रुजू होऊन दोन महिने झाल्यावर सगळी थकबाकी एकरकमी तिच्या खात्यात आली. वरातीमागून घोडं.

तिच्यानंतर दोन मुलं आली, दोघंही हुशार. सव्वा वर्ष त्यांना त्या भट्टीतून गोळे आणि चुरा याखेरीज काही मिळालं नाही. सरकारच्या हिशेबात त्या फेलोशिपचा एक रुपयाही कापला गेला नव्हता, सगळा पैसा दिला गेला होता. फक्त जिच्या हातात ते काम होतं ती राहिली नाही. यंत्र उशिरा आलं तर उशिरा का होईना चालू करता येतं. हातात बसलेलं काम माणसाबरोबर निघून जातं, आणि ते नव्याने बसायला तेवढीच वर्षं लागतात.

31 मार्चचंही सांगते, कारण विज्ञानात पैशाची नासाडी होते असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. नासाडी होते. मी खोक्यात पडून राहिलेली उपकरणं पाहिली आहेत. पण ती का होते ते बघा. प्रकल्पाचा हप्ता एप्रिलऐवजी डिसेंबर-जानेवारीत येतो आणि 31 मार्चपर्यंत खर्च करावा लागतो. आताच्या खातेपद्धतीत पैसा संस्थेच्या बँकेत पडून राहत नाही, वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादाही संपते. मग सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, निविदा, तीन कोटेशन, खरेदी समिती, सगळं दहा आठवड्यांत. हवं ते परदेशातून यायला चार महिने लागणार, म्हणून जे पटकन मिळेल ते घेतलं जातं. खर्च दाखवला नाही तर उपयोगिता प्रमाणपत्र अडतं, ते अडलं की पुढचा हप्ता अडतो. ही नासाडी पैसा जास्त झाल्यामुळे होत नाही, तो अवेळी आल्यामुळे होते.

काही कपातींना तर कोणी कपात म्हणतच नाही. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर 5 टक्के जीएसटी होता. 18 जुलै 2022 पासून तो 18 टक्के झाला. दहा लाखांच्या उपकरणावर आधी 50,000 कर लागायचा, आता 1,80,000. वरचे 1,30,000 म्हणजे एका मुलाची साडेतीन महिन्यांची फेलोशिप. अनुदान तेवढंच, मंजुरीपत्र तेच. पुढे 2024 च्या जुलैतल्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क 10 टक्क्यांवरून 150 वर नेलं गेलं. प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांना लगेच सूट दिली गेली हे चांगलं झालं, पण त्या काही दिवसांत पुरवठादारांनी ऑर्डर थांबवून धरल्या होत्या. डॉलरचं तर विचारूच नका. 2011 च्या सुमारास तो 45 रुपयांच्या आसपास होता, आता 85 च्या पुढे गेला आहे. आमचा हीलियम बाहेरचा, शुद्ध पूड बाहेरची, व्हॅक्यूम पंपाचे सुटे भागही बाहेरचे.

देशाचा हिशेबही असाच दोन तोंडांनी बोलतो. 2010-11 मध्ये संशोधन आणि विकासावर देशात सगळा मिळून सुमारे 60,197 कोटी खर्च झाला, 2020-21 मध्ये 1,27,381 कोटी. दुपटीहून जास्त. पण देशाच्या एकूण उत्पन्नात त्याचा वाटा मात्र घसरून 0.64 टक्क्यांवर आला. चीन 2 टक्क्यांच्या बराच वर आहे, अमेरिका 3 च्या वर. आणि आपल्या त्या 0.64 मध्येही उच्च शिक्षण संस्थांच्या पदरात पडतात रुपयातले जेमतेम नऊ पैसे. तुमची मुलगी ज्या विद्यापीठात पीएचडीला जाईल ते या नऊ पैशांत आलं. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा 2023 मध्ये झाला, पाच वर्षांत 50,000 कोटी असा आकडा आहे. त्यात सरकारचे 14,000 कोटी, बाकीचे 36,000 कोटी मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. यावेत असं मला मनापासून वाटतं. पण उद्योगाला मूलभूत प्रश्नात रस किती, हे मी तीन कंपन्यांच्या दारात उभी राहून पाहिलं आहे. त्यांना दोन वर्षांत काय हाती येईल ते हवं असतं, आणि त्यांच्या जागी ते बरोबरही आहे. म्हणूनच तर सरकारचा पैसा लागतो.

इंदूरचं वैशिष्ट्य असं की मोठी यंत्रं आपल्या दारात आहेत. राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-2 हे 172.5 मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र, देशभरातल्या विद्यापीठांच्या मुलांना वापरायला मिळतं. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई संकुल आहे, तिथे द्रव हीलियम, म्हणजे उणे 269 अंश, मुलांना मोजमापासाठी उपलब्ध होतं. माझी अर्धी कारकीर्द त्या दोन ठिकाणांच्या जोरावर झाली. पण माझ्यावर अशी वेळ आली आहे की बीमटाइम, म्हणजे त्या यंत्रावर मोजमापाची वेळ, मिळालेला, तारीख ठरलेली, आणि आत ठेवायला नमुनाच नाही. कारण 40,000 रुपयांची शुद्ध पूड दोन महिने खरेदीच्या फाइलीत अडकली. शेकडो कोटींचं यंत्र फिरत होतं आणि आमच्या वाटणीचे ते तास आम्ही दुसऱ्या गटाला देऊन टाकले. मोठा खर्च उद्घाटनाच्या दिवशी दिसतो, म्हणून तो टिकतो. छोटा खर्च कोणाच्या डोळ्यात भरत नाही, म्हणून तो आधी जातो.

मालव्यात राहता म्हणून शेतीचंही उदाहरण देते. सोयाबीनचं नवं वाण काढायला दहा-बारा वर्षं लागतात. आधी संकर, मग पिढ्यामागून पिढ्या निवड, मग देशभरातल्या चाचण्या. सोयाबीनचं बी नाजूक, साध्या गोदामात वर्षभरात त्याची उगवण पडते. म्हणून पैदासकाराला हातातल्या ओळी, म्हणजे निवडत आणलेले वंश, दर खरिपाला पेराव्या लागतात, नाहीतर शीतगृह लागतं. एका वर्षी मजुरीचा पैसा आला नाही, पेरणी चुकली, शीतगृहही नाही, तर पुढच्या वर्षी दुप्पट पैसा देऊनही काय पेरणार? सातव्या पिढीपर्यंत आलेली ओळ मेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मृग नक्षत्र काही मंजुरीपत्राची वाट बघत थांबत नाही.

आणि याच इंदुरात उलटं उदाहरणही घडलं आहे. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. जागा होळकर दरबाराची, चालवायला मुख्य पैसा भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा, म्हणजे कापसावर बसवलेल्या उपकरातून येणारा, बरोबर मध्य भारतातल्या संस्थानांची वर्गणी. अल्बर्ट हॉवर्ड तिथे 1931 पर्यंत होते आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे रसायनतज्ज्ञ. संस्था कापसासाठी होती. पण तिथून जगभर पोचलं ते कंपोस्ट : पाला, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर, ठरावीक दिवसांनी वरखाली करणं, तीनेक महिन्यांत खत. आजही त्याला इंदूर पद्धत म्हणतात आणि ती जागा म्हणजे आपलं कृषी महाविद्यालय. पैसा अफाट नव्हता. पण ठरलेला होता, आणि सात वर्षं तीच माणसं तीच ढिगारी उलथीपालथी करून बघत होती. दर वर्षी "कापसाचं काय झालं ते सांगा, नाहीतर हप्ता बंद" असं कोणी म्हणालं असतं तर शेणाच्या ढिगाकडे बघायला त्यांना फुरसत मिळाली असती, असं मला वाटत नाही.

यावरून एक मोठं नुकसान लक्षात येतं, ज्याचा कुठेच हिशेब लागत नाही. पैसा आटला की शास्त्रज्ञ प्रश्न बदलतात. शंभर टक्के उत्तर मिळेल असाच प्रश्न अर्जात लिहितात. मीसुद्धा लिहिले. कातालिन कारिको या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ बाई एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदान मिळेना म्हणून 1995 मध्ये त्यांच्या विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. त्या हट्टाने टिकल्या, कोविडच्या लशी त्यांच्या कामावर उभ्या राहिल्या, 2023 मध्ये नोबेल मिळालं. लोक ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतात. मला ती ऐकताना ज्या टिकल्या नाहीत त्यांची आठवण येते.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगते. 2025 मध्ये तिथल्या आरोग्य संशोधन संस्थेने, एनआयएचने, विद्यापीठांना मिळणारा वरखर्च 15 टक्क्यांवर बांधायचा निर्णय घेतला, न्यायालयाने तो अडवला. वरखर्च म्हणजे चैन नव्हे, वीज, प्राणिगृह, घातक कचऱ्याची विल्हेवाट हे सगळं त्यात येतं. त्याच वर्षी तिथल्या सरकारने त्यांच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा निधी निम्म्याहून जास्त कापायचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. अंतिम आकडा संसद ठरवते, पण नुसत्या धास्तीने कित्येक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी दिलेली प्रवेशपत्रं मागे घेतली. म्हणजे कात्री चालायच्या आधीच मुलांना बाहेर राहावं लागलं. तुमच्या मुलीची पीएचडी संपायला पाच वर्षं आहेत. तिथे तेव्हा काय असेल त्यावर आज निर्णय घेऊ नका.

मग जाऊ द्यावं का? माझं मत, जाऊ द्या, पण डोळे उघडे ठेवून.

जेआरएफ आता महिना 37,000 आहे, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे पुढच्या टप्प्याची फेलोशिप, 42,000, शिवाय घरभाडं. कागदावर ही रक्कम वाईट नाही. पण पहिलं वर्षभर ती दर महिन्याला येईल असं धरून घरभाड्याचा करार करू नका. सहा महिने चालेल एवढी शिल्लक घरातून वेगळी काढता आली तर काढा, आणि ती उपकार म्हणून देऊ नका. बराच उशीर दिल्लीत होतो, पण काही उशीर आपल्याच संस्थेत होतो हेही लक्षात असू द्या. दर महिन्याची हजेरी पोर्टलवर चढवणारे बाबू कोण, त्यांची तारीख कोणती, हे तिला पहिल्या आठवड्यात माहीत असलं पाहिजे. रुजू झाल्याचा कागद, बँक खातं, आधार यात नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. त्या एका अक्षरापायी पाच महिने गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

गाइड निवडताना त्यांचे किती पेपर आहेत हे सगळेच बघतात. तिने त्यांना विचारावं, सध्याचा प्रकल्प कधी संपतो, देखभालीचा करार चालू आहे का, आणि यंत्र बंद पडलं तर काम कुठे होईल. चांगला गाइड या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर तेही उत्तरच आहे. आणि आधीच्या स्कॉलरला एकटं गाठून विचारावं : शेवटची फेलोशिप कधी आली? विषय असा घ्यावा की अर्धं काम पैसा न येताही चालेल, गणन, जुन्या मोजमापांचं विश्लेषण, शेजारच्या संस्थेतलं यंत्र. मी माझ्या शेवटच्या चार मुलांना असंच करायला लावलं आणि चौघंही वेळेत बाहेर पडली.

मामांना सांगा, बँकेची परीक्षा पीएचडी करतानाही देता येते, वयाची मर्यादा तेवढी बघून ठेवा.

आणि एक. उज्जैनला गेलेल्या त्या मुलीने जाताना तिच्या भट्टीच्या नोंदींची वही माझ्याकडे ठेवली. निळ्या पुठ्ठ्याची, मार्जिनमध्ये प्रत्येक खेपेची वेळ, वीज किती वाजता गेली, क्रूसिबल कुठे ठेवलं होतं, सगळं तिच्या बारीक अक्षरात. तिची परवानगी मी तेव्हाच घेतली आहे. तुमची मुलगी स्फटिकांवर काम करणार असेल तर तिला ती वही देईन.